मोठा सीन मेमरीत बसवताना: आधी काय मोजायचं, मग काय कापायचं

त्रिमितीय सीनचं रेंडर (म्हणजे त्यातून अंतिम चित्र काढणं) सुरू केलं आणि "सिस्टीम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी" असा संदेश आला, की बहुतेक जण आधी सॅम्पल्स (दर पिक्सेलला सोडायचे किरण) कमी करतात, मग टाइलचा (चित्राच्या एका वेळी काढायच्या तुकड्याचा) आकार, मग नाइलाजाने रेझोल्यूशन. आणि रेंडर पुन्हा तिथेच कोसळतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सॅम्पल्स चार ठेवा नाहीतर चार हजार, सीन मेमरीत तेवढीच जागा घेतो. सॅम्पल्स फक्त वेळ खातात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. ज्या दुरुस्त्यांनी चित्रात काडीचाही फरक पडत नाही त्या आधी घेतल्या आहेत, आणि ज्यांनी चित्राला किंवा तुमच्या वेळेला झळ बसते त्या शेवटी. हा क्रम उलटा केला की चांगलं टेक्स्चर (वस्तूवर गुंडाळलेलं चित्र) उगाच धूसर होतं आणि खरा दोषी सीनमध्ये तसाच राहतो. बटणांची नावं ब्लेंडर या प्रोग्रॅमच्या सायकल्स या रेंडररमधली आहेत. अर्नोल्ड, व्ही-रे किंवा रेडशिफ्ट या दुसऱ्या रेंडररमध्ये नावं बदलतील, पण हिशेब फारसा बदलणार नाही.

## सुरुवातीआधी: नेमकी कोणती मेमरी संपते आहे?

मेमरी दोन ठिकाणची असते: संगणकाची रॅम आणि ग्राफिक्स कार्डावरची व्हीरॅम. दोन्ही संपण्याची लक्षणं वेगळी आहेत.

व्हीरॅम संपली तर रेंडरर सहसा तसं स्पष्ट सांगतो. रॅम संपली तर डिस्कवर सतत काम सुरू होतं, माउस अडखळतो आणि शेवटी प्रोग्रॅम काही न सांगता बंद होतो. लिनक्सवर तर सिस्टीम स्वतःच प्रोग्रॅम मारून टाकते. अशा वेळी कार्ड बदलून काहीच उपयोग नाही.

"मी जीपीयूवर रेंडर करतो, मला रॅमशी काय देणंघेणं" हा समज चुकीचा आहे. मूळ मेश (वस्तूच्या पृष्ठभागाचं त्रिकोणांचं जाळं), मॉडिफायर (मेशवर आपोआप होणारे बदल) लागल्यानंतरचा मेश आणि रेंडररने स्वतःसाठी केलेली प्रत, हे सगळं आधी रॅममध्ये तयार होतं आणि नंतर कार्डावर चढतं. जंगल किंवा शहराच्या सीनमध्ये कित्येकदा कार्ड भरण्याच्या आधीच रॅम संपलेली असते.

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा. जीपीयूच्या पानावर "डेडिकेटेड" आणि "शेअर्ड" असे दोन आकडे दिसतात. डेडिकेटेड म्हणजे कार्डावरची मेमरी. रेंडर चालू असताना शेअर्डचा आकडा चढू लागला, तर कार्ड भरून डेटा रॅममध्ये सांडतो आहे. रेंडर पूर्ण होईलही, पण रखडत.

इशारा: ८ जीबीची दोन कार्डं लावली म्हणजे १६ जीबी झाली असं नाही. एरवी प्रत्येक कार्डावर सीनची पूर्ण प्रत जाते, त्यामुळे मर्यादा लहान कार्डाची. मेमरी वाटून घ्यायची तर कार्डं एनव्हीलिंकने (एनव्हिडियाच्या कार्डांमधल्या थेट जोडणीने) जोडलेली हवीत आणि सायकल्समध्ये तो पर्याय चालू हवा.

## टप्पा १: मोजणीची तयारी

१. फाइलची प्रत करा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा.

२. व्ह्यूपोर्ट (सीन हाताळायची खिडकी) सॉलिड मोडवर आणा. रेंडर्ड मोडमध्ये ठेवला तर तोच सीन कार्डावर आणखी एकदा चढलेला असतो. ही चूक इतकी सर्रास आहे, की बऱ्याच जणांचं काम या एका गोष्टीने इथेच संपेल.

३. ब्राउझर आणि टेक्स्चर रंगवण्याचे प्रोग्रॅम बंद करा. तेही व्हीरॅम धरून बसतात.

४. सॅम्पल्स १ करा, डिनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारी सोय) बंद करा. रेझोल्यूशन मात्र पूर्ण ठेवा.

५. फाइल सेव्ह करून ब्लेंडर बंद करा, पुन्हा उघडा आणि रेंडर करा. रेंडर विंडोत वरच्या ओळीत "मेम" आणि "पीक" दिसतं. त्यातला पीक लिहून ठेवा, शिवाय टास्क मॅनेजरमधले रॅम आणि व्हीरॅमचे सर्वात मोठे आकडेही.

रेझोल्यूशन पूर्ण का ठेवायचं? अडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (मेशचे गरजेप्रमाणे आपोआप बारीक तुकडे करणारी सोय) पिक्सेलच्या आकारावरून त्रिकोण पाडतं. रेझोल्यूशन १० टक्क्यांवर आणून मोजलं तर आकडा इतका गोंडस येतो की फसायला होतं, आणि पूर्ण आकाराचं रेंडर पुन्हा कोसळतं.

इशारा: मेमरीचा उच्चांक बऱ्याचदा पहिला पिक्सेल दिसण्याआधी, बीव्हीएच बांधताना येतो. बीव्हीएच म्हणजे किरण कोणत्या त्रिकोणाला लागतो हे झटपट शोधण्यासाठी रेंडररने रचलेली उतरंड. रेंडर सुरू झाल्यावर मेमरी किती दिसते यावर विसंबू नका.

तपासा: ॲनिमेशन असेल तर मोजणी पहिल्या फ्रेमवर करू नका. धूर सर्वात जास्त पसरलेला असेल किंवा कॅमेरा डिस्प्लेसमेंटच्या (टेक्स्चरवरून खरे उंचवटे काढलेल्या) जमिनीला अगदी खेटून जात असेल, ती फ्रेम निवडा.

## टप्पा २: दोषी शोधा

अंदाजाने शोधू नका, अर्धे-अर्धे करून शोधा. निम्मी कलेक्शन्स (वस्तूंचे गट) व्ह्यू लेयरमधून (रेंडर होणाऱ्या थरातून) वगळा आणि पीक पाहा. आकडा धाडकन खाली आला तर दोषी वगळलेल्या अर्ध्या भागात आहे. त्या भागाचे पुन्हा दोन तुकडे करा. सोळा कलेक्शन्स असली तरी चार फेऱ्यांत तुम्ही एका कलेक्शनवर येता.

मोठ्या सीनमध्ये मेमरी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. दोन-तीन गोष्टींनीच बहुतेक जागा व्यापलेली असते आणि त्या सहसा तुमच्या संशयातल्या नसतात. सगळ्यांचं लक्ष नायकाच्या मॉडेलवर असतं आणि जागा खाल्लेली असते मागच्या कुंपणाच्या वेलीने.

इशारा: व्ह्यूपोर्टमध्ये डोळ्याच्या चिन्हाने लपवलेली वस्तू रेंडरमध्ये येतेच. रेंडरसाठी कॅमेऱ्याचं चिन्ह वेगळं आहे. "हा तर मी लपवला होता" हा कोसळणाऱ्या रेंडरमागचा नेहमीचा संवाद आहे.

## टप्पा ३: एकच वस्तू, अनेक प्रती

इथे सर्वात जास्त मिळतं आणि चित्र जराही बदलत नाही, म्हणून हे सर्वात आधी.

हिशेब बघा. १० लाख त्रिकोणांच्या मेशमध्ये साधारण ५ लाख बिंदू असतात. दर बिंदूची जागा १२ बाइट आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) १२ बाइट. दर त्रिकोणाची बिंदूयादी १२ बाइट आणि यूव्ही (टेक्स्चर कुठे बसेल ते सांगणारे आकडे) २४ बाइट. बेरीज ४८ एमबी, बीव्हीएच वेगळाच. आता २० लाख त्रिकोणांचं झाड घ्या: ९६ एमबी. त्याच्या ४०० खऱ्या प्रती केल्या तर ३८ जीबीच्या पुढे. तीच ४०० झाडं इन्स्टन्स (एकाच मेशकडे बोट दाखवणाऱ्या प्रती) असतील तर ९६ एमबी एकदाच, आणि वर प्रत्येक झाडाची जागा-दिशा सांगणारी किरकोळ नोंद.

१. प्रत करताना शिफ्ट-डी नाही, ऑल्ट-डी वापरा. शिफ्ट-डी मेशचीही प्रत करतं.

२. आधीच शिफ्ट-डी करून ठेवलं असेल तर सगळ्या प्रती निवडा, मूळ वस्तू शेवटी निवडा, कंट्रोल-एल दाबून "लिंक ऑब्जेक्ट डेटा" करा. मात्र त्या प्रतींवर कधी "अप्लाय रोटेशन" केलेलं असेल तर सगळी झाडं एकाच दिशेला तोंड करून उभी राहतील. करून लगेच बघा.

३. मॉडिफायर तपासा. इथे अनुभवी माणसंही चुकतात. ऑल्ट-डीने केलेल्या प्रतींवर मॉडिफायर लावलेले असतील तर प्रत्येक वस्तूचा मेश वेगळा काढला जातो आणि इन्स्टन्सचा फायदा संपतो. आउटलायनरमध्ये (वस्तूंच्या यादीत) सगळं जोडलेलं दिसतं, मेमरीत मात्र ४०० वेगळी झाडं उभी असतात. मॉडिफायर एका वस्तूवर अप्लाय करा, तो मेश इतरांना जोडा आणि इतरांवरचे मॉडिफायर काढून टाका. किंवा झाड एका कलेक्शनमध्ये ठेवून त्या कलेक्शनचे इन्स्टन्स पसरा.

४. जिऑमेट्री नोड्समध्ये "रियलाइझ इन्स्टन्सेस" नोड कुठे बसला आहे ते शोधा. तो लागला की सगळे इन्स्टन्स खऱ्या मेशमध्ये बदलतात. कित्येकदा दुसऱ्याच कामासाठी तो टाकलेला असतो आणि काढायचा राहून जातो.

५. इन्स्टन्सच्या आत इन्स्टन्स घालू नका. सायकल्स अशा घड्या उलगडून सपाट करतं. झाडावर ५०,००० पानं इन्स्टन्स म्हणून लावली आणि तशी ४०० झाडं पसरली, तर २ कोटी नोंदी तयार होतात. दर नोंदीला २०० बाइट धरले तरी ४ जीबी, तेही पानाच्या मेशशिवाय. अशा ठिकाणी पानं आणि खोड मिळून एकच मेश करणं स्वस्त पडतं, म्हणजे "रियलाइझ" इथे झाडाच्या आत चालतं, जंगलावर चालत नाही.

तपासा: मेशच्या नावाशेजारी एक आकडा दिसतो. तो किती वस्तू हा मेश वापरतात ते सांगतो. आकडा दिसत नसेल तर मेश कोणाशीही जोडलेला नाही. "सिंगल यूजर करू का?" असा प्रश्न आला की हो म्हणण्याआधी थांबा.

पुन्हा मोजा. बऱ्याच सीनचं काम इथेच भागतं. भागलं तर टेक्स्चरना हात लावू नका.

## टप्पा ४: टेक्स्चर

डिस्कवरचा आकार विसरा. ३ एमबीची जेपीजी मेमरीत उलगडून बसते. ४०९६ × ४०९६ चं चित्र, चार चॅनल, ८ बिट: ६४ एमबी. ८१९२ चं २५६ एमबी. तेच ३२ बिट फ्लोट (दशांश आकड्यांत साठवलेलं) असेल तर १ जीबी. बाजू दुप्पट झाली की मेमरी चौपट होते.

३० मटेरियल, प्रत्येकाला रंग, नॉर्मल, रफनेस (खडबडीतपणा) आणि मेटॅलिक (धातूपणा) असे चार ४०९६ चे नकाशे (टेक्स्चर): ७.५ जीबी. आता यातली २० मटेरियल दूरच्या वस्तूंची आहेत असं धरा. त्यांचे नकाशे १०२४ वर आणले तर दर नकाशा ४ एमबी, सगळे मिळून ३२० एमबी. उरलेल्या १० चे २,५६० एमबी. साडेसात जीबीचे तीनच्या आत आले आणि जवळच्या कोणत्याही वस्तूला धक्का लागला नाही.

१. वस्तू चित्रात जास्तीत जास्त किती पिक्सेल रुंद दिसते ते पाहा. टेक्स्चर त्या वस्तूवर एकदाच गुंडाळलेलं असेल तर त्याच्या दुप्पट बाजू पुरते. ३०० पिक्सेलच्या पिंपाला ४०९६ चा नकाशा म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

२. रफनेस, मेटॅलिक, मास्क हे करडे नकाशे खरोखर एका चॅनलचे आहेत का ते बघा. दिसायला करडं चित्र आरजीबी म्हणून सेव्ह केलेलं असेल तर चार चॅनलची जागा घेतं: १६ च्या जागी ६४ एमबी. एकाच चॅनलची फाइल असेल तर सायकल्स ती एकाच चॅनलने साठवतं. गेमवाल्यांची तीन करडे नकाशे एका आरजीबीत कोंबायची सवय इथे उलट महाग पडते, कारण आरजीबीलाही चार चॅनल लागतात.

३. सवयीने १६ किंवा ३२ बिट वापरू नका. डिस्प्लेसमेंटला जास्त बिट हवेत, नाहीतर उतारावर पायऱ्या दिसतात. रंगाला आणि रफनेसला ८ बिट पुरतात.

४. एचडीआर आकाश (सीनला उजेड देणारं भोवतालचं चित्र). १६,३८४ × ८,१९२ चा फ्लोट नकाशा २ जीबी घेतो. तो फक्त उजेडासाठी असेल, कॅमेऱ्यात दिसत नसेल आणि चकचकीत वस्तूत त्याचं प्रतिबिंबही नसेल, तर २,०४८ × १,०२४ वर आणा: ३२ एमबी. मोठा नकाशा ठेवणं भागच असेल तर इमेजच्या सेटिंगमध्ये "हाफ फ्लोट प्रिसिजन" लावा, निम्मा होतो.

५. यूडीआयएम टाइल्स (एका वस्तूवर वाटून लावलेली अनेक चित्रं) मोजा. दहा टाइल्सचा ४०९६ चा एक नकाशा ६४० एमबी. अशा पात्राच्या चार नकाशांनीच एक लहान कार्ड निम्मं भरतं.

घाईत असाल तर "सिम्प्लिफाय" मध्ये टेक्स्चर लिमिट २०४८ लावून बघा. मी याकडे निदानाचं साधन म्हणून बघतो, उपाय म्हणून नाही. ती मर्यादा सगळ्यांना सरसकट लागते आणि नायकाच्या चेहऱ्यालाही सोडत नाही. आकडा खूप पडला तर टेक्स्चरवर काम करण्यात अर्थ आहे, एवढं त्यातून कळतं.

इशारा: मूळ फाइलींवर लहान चित्रं सेव्ह करू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. क्लोजअप हवा झाला की मूळ लागणारच.

अर्नोल्ड आणि रेंडरमॅनमध्ये टेक्स्चर तुकड्यांच्या, मिपमॅप केलेल्या (लहान आवृत्त्याही सोबत ठेवलेल्या) स्वरूपात बदलून ठेवता येतं आणि रेंडरर लागेल तेवढाच तुकडा उचलतो. तिथे हा टप्पा बराच हलका होतो, पण टेक्स्चर आधी त्या स्वरूपात बदलली आहेत याची खात्री करा.

## टप्पा ५: सबडिव्हिजन, डिस्प्लेसमेंट, केस

सबडिव्हिजनची एक पातळी वाढली की पृष्ठं चौपट होतात. १०,००० पृष्ठांचा मेश तिसऱ्या पातळीवर ६,४०,००० आणि पाचव्या पातळीवर १,०२,४०,००० होतो. आणि व्ह्यूपोर्टची पातळी वेगळी, रेंडरची वेगळी. पडद्यावर १ दिसतं, रेंडरमध्ये ४ लागतं. आधी तो दुसरा आकडा बघा.

अडॅप्टिव्ह सबडिव्हिजनमध्ये डायसिंग रेट (तुकडा किती पिक्सेलचा हवा तो आकडा) १ वरून २ केला की त्रिकोण चौथ्या हिश्श्यावर येतात. खडबडीत जमिनीवर हा फरक बहुतेकदा दिसतही नाही. कॅमेऱ्याबाहेरच्या भागासाठी "ऑफस्क्रीन स्केल" वाढवा. आणि "मॅक्स सबडिव्हिजन्स" वर मर्यादा घाला, कारण कॅमेऱ्याला चिकटलेला एक कोपरा सगळा हिशेब उधळू शकतो.

केसांमध्ये चाइल्ड केसांची (मूळ केसांभोवती आपोआप उगवणाऱ्या केसांची) संख्या आणि प्रत्येक केसाचे भाग यांचा गुणाकार होतो. दूरच्या प्राण्याला निम्मे केस द्या आणि थोडे जाड करा.

मोशन ब्लर चालू असेल तर आकार बदलणाऱ्या मेशची जागा एका क्षणापुरती साठवून भागत नाही, अनेक क्षणांची साठवावी लागते. ज्यांचा ब्लर नजरेत येणार नाही अशा वस्तूंवरचं "डिफॉर्मेशन" बंद करा.

इशारा: "कॅमेरा कल" (cull, म्हणजे गाळणं) ने दृष्टीबाहेरच्या वस्तू गाळता येतात. पण त्यांच्या सावल्या आणि प्रतिबिंबंही गळतात, आणि ॲनिमेशनमध्ये पाण्यातलं झाड मध्येच गायब होतं. स्थिर चित्रात चालतं, तिथेही आरसे तपासा.

## टप्पा ६: धूर आणि ढग

बाजू दुप्पट केली की व्हॉल्युम (धूर-ढगांचा त्रिमितीय डेटा) आठपट होतो. ५१२ च्या घनाचा एक फ्लोट चॅनल ५१२ एमबी, १०२४ च्या घनाचा ४ जीबी. व्हीडीबी (धूर-ढग साठवायचं फाइलचं स्वरूप) रिकामी जागा साठवत नाही म्हणून प्रत्यक्षात कमी लागतं, पण पडदाभर धुकं असेल तर रिकामं असं काही उरतच नाही. सगळीकडे सारख्या धुक्यासाठी व्हीडीबी नको, साधा ठोकळा आणि शेडर पुरतो. व्हॉल्युमच्या रेंडर सेटिंगमध्ये प्रिसिजन "हाफ" करा. धुरात फरक शोधूनही सापडत नाही.

## टप्पा ७: चित्राची स्वतःची जागा

पास म्हणजे रंग, खोली, सावली अशा एकेका माहितीचं वेगळं चित्र. ३८४० × २१६० चा चार चॅनलचा फ्लोट पास सुमारे १२७ एमबी. ७६८० × ४३२० चा सुमारे ५०६. असे वीस पास लावले तर १० जीबी फक्त चित्रालाच. क्रिप्टोमॅट (वस्तू वेगळ्या निवडता याव्यात म्हणून मास्क देणारा पास) एका प्रकाराला नेहमीच्या खोलीवर तीन थर घेतं. न लागणारे पास काढा.

टायलिंग चालू ठेवा. टाइल लहान केल्याने फक्त हा चित्राचा भाग वाचतो, सीन तसाच राहतो. डिनॉइझर अख्ख्या चित्रावर चालतो आणि सोबत अल्बेडो (उजेडाविना मूळ रंग) आणि नॉर्मलचे पासही मागतो. रेंडर पूर्ण होऊन शेवटच्या क्षणी कोसळत असेल तर संशय यावरच घ्या. तो रेंडरमध्ये बंद करा, पास ईएक्सआर स्वरूपाच्या फाइलमध्ये सेव्ह करा आणि वेगळ्या, रिकाम्या फाइलमध्ये कंपोझिटरमधून (रेंडर झालेली चित्रं जुळवायच्या भागातून) डिनॉइझ करा.

## टप्पा ८: तरीही बसत नसेल तर सीन फोडा

चित्राचे चार तुकडे करून रेंडर केल्याने सीन लहान होत नाही. प्रत्येक तुकड्यासाठी अख्खा सीन चढतो, कारण कोपऱ्यातला किरणही कुठूनही उसळून येतो. फोडायचं तर वस्तूंच्या हिशेबाने: मागचं, मधलं, पुढचं.

प्रत्येक थराचा वेगळा व्ह्यू लेयर करा आणि नको ती कलेक्शन्स "एक्स्क्लूड" करा. "होल्डआउट" (चित्रात भोक पाडणारी) किंवा "इनडायरेक्ट ओन्ली" (फक्त सावली-प्रतिबिंबात दिसणारी) केलेली वस्तू मेमरीत राहतेच, म्हणून त्या जागी जड मॉडेलऐवजी कमी त्रिकोणांचं, साधं, बिनटेक्स्चरचं प्रतिरूप ठेवा. सावली आणि उसळलेला उजेड देण्यापुरतं ते पुरतं.

सीमारेषा अशी निवडा की दोन थर एकमेकांवर सावली टाकत नाहीत: दरीपलीकडचा डोंगर, रस्त्यापलीकडची इमारत. गवत आणि त्यात उभा माणूस यांना वेगळं केलंत तर कडा सांधण्यातच दिवस जाईल.

सीपीयूवर रेंडर हाही पर्याय आहे. ८ जीबीच्या कार्डात न बसणारा सीन ६४ जीबी रॅममध्ये सहज बसतो, वेळ मात्र जास्त लागतो. एका स्थिर चित्रासाठी दोन दिवस सीन फोडण्यापेक्षा रात्रभर सीपीयू चालवणं मला शहाणपणाचं वाटतं. स्वॅपच्या (रॅम संपल्यावर तिच्या जागी वापरल्या जाणाऱ्या डिस्कच्या) भरवशावर राहू नका. बीव्हीएच बांधतानाचा क्षणिक उच्चांक ते निभावून नेईल, पण किरण मेमरीत कुठेही उड्या मारतात, त्यामुळे रेंडर सुरू असताना स्वॅप लागला तर सगळं ठप्प होतं.

## रात्रभराचं रेंडर लावण्याआधी

सॅम्पल्स, डिनॉइझर आणि पास मूळ जागी आणा आणि सर्वात जड फ्रेम एकदा पूर्ण काढा. कार्डाचा दहावा हिस्सा तरी मोकळा राहिला पाहिजे. "पर्सिस्टंट डेटा" बंद करा. तो वेग वाढवतो, पण एका फ्रेमचा डेटा पुढच्या फ्रेमसाठी धरून ठेवतो. रेंडर कमांड लाइनवरून बॅकग्राउंडमध्ये चालवा, म्हणजे ब्लेंडरची खिडकी आणि व्ह्यूपोर्ट जागा अडवणार नाहीत. आउटपुट व्हिडिओ फाइलमध्ये नको, सुट्या फ्रेम्समध्ये घ्या. कोसळलंच तर शेवटची सेव्ह झालेली फ्रेम उघडून बघा, कारण ती कधीकधी अर्धवट लिहिलेली असते. तशी असेल तर ती पुसा आणि तिथूनच पुढे सुरू करा.